पाठमोरी मुलगी

पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात ‘मीटिंग’ नावाचे एक चित्र आहे. जवळजवळ दोन मीटर उंचीचे. गरीब वस्तीतल्या एका लाकडी कुंपणापाशी सहा पोरे गोळा झाली आहेत. थोरला हातातले काहीतरी दाखवतो आहे आणि बाकीचे गंभीर मुद्रेने ते न्याहाळीत आहेत. पोरांचे कपडे, त्यांचे चेहरे इतके हुबेहूब उतरले आहेत की बघणाऱ्याची नजर तेथेच खिळते. उजव्या कडेला, जरा दूर, एक लहान मुलगी रस्त्याने चालली आहे. पाठीवर वेणी, बरोबर कोणी नाही. पोरांच्या मीटिंगला तिला कोणी बोलावलेले दिसत नाही, आणि तीही मागे वळून पाहत नाही.

हे चित्र काढणाऱ्या मारी बाश्कीर्तसेफला मात्र त्याच शहरात असे एकटे चालता येत नव्हते.

मारीचा जन्म १८५८ चा, युक्रेनमधल्या एका जमीनदार घराण्यातला. आईवडिलांचे पटले नाही आणि आई माहेरच्या माणसांसह मुलीला घेऊन पश्चिम युरोपात आली. काही वर्षे नीस, मग पॅरिस. पैशाला तोटा नव्हता. मारीला गायिका व्हायचे होते. पण घशाच्या दुखण्याने आवाज गेला. पुढे ऐकूही कमी येऊ लागले. मग तिने कुंचला हाती घेतला तो अगदी हट्टाने. १८७७ मध्ये ती ज्युलियाँ यांच्या खाजगी चित्रशाळेत दाखल झाली. सरकारी कलाविद्यालयाचे दरवाजे तेव्हा स्त्रियांना बंद होते. ते उघडले १८९७ साली! ज्युलियाँकडे मुलींचा वर्ग निराळा आणि फी मुलांपेक्षा जास्त. तरी तेथे समोर मॉडेल बसवून शिकता येई, हेच खूप होते.

त्याच १८७७ साली काइबोतचे पावसाळी पॅरिसचे प्रसिद्ध चित्र प्रदर्शनात लागले. त्यात एक सुवेष स्त्री रस्त्याने चालते आहे, पण नवऱ्याच्या म्हणा वा सोबत्याच्या म्हणा, हातात हात घालून, त्याच्याच छत्रीखाली. खानदानी स्त्रीचे चालणे चित्रकारांना ठाऊक होते ते असे. एकटी दिसणारी बाई एकतर कष्टकरी, नाहीतर संशयास्पद, असा तेव्हाचा हिशेब होता.

मारीची खरी तक्रार याच हिशेबाविरुद्ध होती. आपल्या रोजनिशीत ती पुन्हापुन्हा याच गोष्टीकडे वळते. साधे लूव्रला चित्रे पाहायला जायचे तर आधी गाडीची वाट पाहा, कुणी सोबतीण मिळते का पाहा, घरच्यांची सवड पाहा. बागेत बाकावर बसावे, दुकानाच्या काचेपाशी थांबावे, जुन्या गल्ल्यांतून रात्री हिंडावे, एवढे मिळाल्याखेरीज कोणी खरा कलावंत होणार कसा, असा तिचा रोकडा सवाल होता. मला स्वतःला हे फार महत्त्वाचे वाटते. स्वातंत्र्यावर मोठमोठी भाषणे पुष्कळांनी केली. या मुलीने ते पायी चालण्यापाशी आणून ठेवले.

१८८१ मध्ये उबेर्तीन ओक्लेर यांच्या ‘ला सितोयेन’ या स्त्री-हक्कवादी पत्रात तिने टोपणनावाने लिहिले आणि कलाविद्यालयाच्या बंद दारांवर टीका केली. त्याच वर्षीचे तिचे मोठे चित्र मुलींच्या चित्रशाळेचे आहे. खोली बायकांनी गच्च भरलेली, मध्ये एक पोरगा मॉडेल म्हणून उभा. सगळे कसे चार भिंतींच्या आत! ‘मीटिंग’ आले ते तीन वर्षांनी. या मधल्या काळातच, १८८३ मध्ये, आपल्या आनंदीबाई जोशी पतीला मागे ठेवून कलकत्त्याहून अमेरिकेच्या बोटीत बसल्या, हे सहज आठवते.

१८८४ च्या सालोंमध्ये ‘मीटिंग’ गाजले. पदक मात्र मिळाले नाही, आणि मारीला ते फार लागले. त्याहून वाईट म्हणजे, एवढे चित्र मुलीच्या हातून होणे शक्य नाही, तिचे स्नेही बास्तियाँ-लपाज यांचा हात असणार, अशी कुजबुज झाली. शैलीवर त्यांची छाया आहे, हे खरेच. परंतु ती पाठमोरी मुलगी कोणाकडून उसनी आणलेली नाही, असे माझे मत आहे.

क्षय तिला आधीच जडला होता. ३१ ऑक्टोबर १८८४ रोजी, सव्विसावे पुरे होण्यापूर्वीच, ती गेली. बास्तियाँ-लपाजही त्याच डिसेंबरात गेले. ‘मीटिंग’ पुढे फ्रेंच सरकारने विकत घेतले. तिची बरीचशी इतर चित्रे दुसऱ्या महायुद्धात नाहीशी झाली. रोजनिशी १८८७ मध्ये छापली गेली, ती घरच्यांनी काटछाट करून, आणि वयही दोन वर्षांनी कमी दाखवून. मूळ वह्या पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. पुष्कळ वर्षांनी अभ्यासकांनी त्या पुन्हा उघडल्या, तेव्हा गाळलेला मजकूर बाहेर आला.