साथीच्या दिवसांतले अण्णा

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव शाळेत असताना अनेकदा कानावर पडले होते. स्त्रीशिक्षणाचे कार्य, भारतरत्न, शंभरी ओलांडलेले आयुष्य, एवढे पाठ करून मी परीक्षेत गुणही मिळवले होते. पण या थोर पुरुषाविषयी खरी आपुलकी वाटू लागली ती यंदा, त्यांच्या जीवनाविषयी सविस्तर वाचल्यावर. प्लेगच्या दिवसांत आपल्या विद्यार्थिनींकडे पायी चालत जाणारा एक प्राध्यापक मला तेथे भेटला, आणि माझ्या ताईची आठवण झाली.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा. बालपण गेले कोकणातल्या मुरूड गावी. घरची परिस्थिती बेताची. १८७५ साली एका परीक्षेसाठी हा मुलगा मुरूडहून साताऱ्यापर्यंत चालत गेला. डोंगर, घाट, ओढे ओलांडीत शंभर मैलांहून अधिक वाट तुडवली. साताऱ्यास पोहोचल्यावर काय झाले? मुलगा अंगाने लहान दिसतो, सतरा वर्षांचा वाटत नाही, एवढ्या कारणावरून त्याला परीक्षेस बसू दिले नाही! मित्रहो, कचेरीच्या खिडकीवरून परत फिरण्याचे दुःख आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. मला वाटते, अण्णा ते दुःख कधी विसरले नसावेत.

त्यांनी धीर सोडला नाही. १८८१ साली, म्हणजे तेविसाव्या वर्षी, ते मॅट्रिक झाले. मुंबईत शिकवण्या करीत १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले. १८९१ साली गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात ते गणित शिकवू लागले. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी राधाबाई वारल्या. १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. त्यापायी मुरूडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला.

१८९६ साली अण्णांनी विधवांच्या शिक्षणासाठी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली आणि साठवलेले एक हजार रुपये तिला देऊन टाकले. त्याच वर्षी मुंबईत प्लेग आला आणि लवकरच तो पुण्यात शिरला. घरे ओस पडली. लोक गावाबाहेर माळावर झोपड्या बांधून राहू लागले. १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. साथ एका वर्षात संपली नाही. ती पुन्हा पुन्हा येत राहिली.

अशा काळात आश्रम बंद ठेवला असता तर अण्णांना कोणी दोष दिला नसता. पण घरी परतलेली विधवा पुन्हा शिकायला येईलच, याची खात्री कोणी द्यायची? रावबहादूर गोखले यांनी पुण्यापासून चार मैलांवर हिंगणे येथे जागा दिली. तेथे एक साधी झोपडी उभी राहिली आणि प्लेगच्या त्या दिवसांत, १९०० साली, आश्रम तिकडे नेण्यात आला. शहरातल्या विरोधापासूनही तो दूर झाला.

आता प्रश्न शिकवण्याचा. हिंगण्याला धड रस्ता नव्हता. कॉलेजातले तास आटोपून अण्णा शेतांमधून, चिखलातून हिंगण्यास चालत जात. आश्रमाला लागणारे सामानही बरोबर नेत. मुलींना शिकवीत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फर्ग्युसनमध्ये तासाला उभे राहत. विद्यार्थिनी येऊ शकत नव्हत्या, म्हणून शिक्षक गेला.

एक गोष्ट मात्र प्रांजळपणे लिहिली पाहिजे. आरंभी हा आश्रम उच्चवर्णीय विधवांसाठीच होता. माझ्या आजीसारख्या बाईला तेथे जागा मिळाली नसती. तरीही त्या झोपडीतून पुढे जे उगवले ते मोठे होते. अण्णांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले वैधव्यानंतर अण्णांकडे राहून शिकल्या आणि आश्रमाच्या आधारस्तंभ झाल्या. १९०७ साली महिला विद्यालय निघाले, १९१६ साली महिला विद्यापीठ. १९५८ साली अण्णांना भारतरत्न मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या १०५ व्या वर्षी, ते गेले. हिंगण्याच्या त्या परिसराला आज कर्वेनगर म्हणतात.

आता ताईविषयी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली ती, दुसरा मी. २०२० साली कोरोनामुळे कॉलेजे बंद झाली तेव्हा ती पहिल्या वर्षाला होती. घरात मोबाईल एकच, तोही दादांच्या खिशात. तास मोबाईलवर होतात हेच आम्हाला उशिरा कळले. परीक्षेचा अर्ज भरायचा राहिला. विचारायचे कोणाला, हे आई-दादांना माहीत नव्हते आणि कॉलेजातून कोणी विचारले नाही. पुढच्या वर्षी तिचे लग्न झाले.

मी कोणाला दोष देत नाही. तेव्हा सगळेच भेदरलेले होते. पण ज्याच्या घरात आधी कोणी शिकलेले नाही, त्याला साथीच्या दिवसांत पुस्तकाइतकीच गरज असते ती तू का आला नाहीस, असे विचारणाऱ्या माणसाची. ते विचारण्यासाठी अण्णा रोज चार मैल चालत होते. आपल्या वर्गात महिनाभर न दिसलेला मुलगा असेल, तर साथ नसतानाही त्याच्या घरी जाऊन यायला काय हरकत आहे?

दिवाळीत मी ताईला मुक्त विद्यापीठाचा अर्ज नेऊन दिला. सासरी विचारून सांगते, म्हणाली. अर्ज अजून तिच्या कपाटात आहे. मी पुन्हा जाणार आहे. मला तर एस.टी.ने पाऊणच तास लागतो.