सर फ्लिंडर्स पेट्री

राजांचे मुकुट व सोन्याचे अलंकार पाहावयास लोक गर्दी करितात. परंतु फुटक्या मडक्याकडे किंवा गारगोटीच्या बोथट सुरीकडे कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं. अशाच टाकाऊ वस्तूंच्या साह्यानें ज्यांनीं मिसर देशाचा हरवलेला प्राचीन इतिहास उकलला, त्या सर फ्लिंडर्स पेट्री यांचें चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या वडील मंडळींपुढें संक्षेपानें ठेवीत आहों.

पेट्री यांचा जन्म ता. ३ जून १८५३ रोजीं लंडनजवळील चार्ल्टन येथें झाला. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याचा नकाशा करणारे नाविक मॅथ्यू फ्लिंडर्स हे त्यांचे मातामह होत. बालपणीं प्रकृति इतकी नाजूक होती कीं, त्यांस शाळेंत धाडतां आलें नाहीं. घर हीच त्यांची शाळा झाली, आणि जमीन अचूक कशी मोजावी हें त्यांस वडिलांनीं शिकविलें. पितापुत्रांनीं मिळून स्टोनहेंज येथील प्राचीन शिलामंडळाचें मोजमाप केलें.

त्या काळीं पियाझी स्मिथ नांवाच्या ज्योतिर्विदांनीं असें प्रतिपादिलें होतें कीं, गीझा येथील महापिरॅमिड ईश्वरी प्रेरणेनें बांधिला असून त्याच्या मापांत भविष्यें गुप्त आहेत. पेट्री यांच्या वडिलांची या मतावर श्रद्धा होती, व पुत्रासहि त्याची ओढ होती. तें पारखण्यासाठीं १८८० सालीं, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, पेट्री मिसर देशीं गेले. तेथें एका प्राचीन थडग्यांत बिऱ्हाड करून दोन हिवाळे त्यांनीं मापें घेतलीं. पायाची बाजू स्मिथ यांच्या मतास हवी होती त्याहून सुमारें सहा फूट कमी भरली! ज्या मतावर घरांतील वडिलांचें प्रेम, तेंच पुत्राच्या मोजपट्टीनें खोटें ठरलें. पेट्री यांनीं १८८३ सालीं तें निःसंकोचपणें छापून प्रसिद्ध केलें. वडिलांचा मान राखणें व सत्य लपविणें या दोन भिन्न गोष्टी आहेत, हें येथें ध्यानीं घ्यावें.

गीझा येथेंच त्यांस दगडकामाचा छंद जडला. करवतीच्या खुणा असलेले शिलाखंड, फुटके कटोरे व ग्रॅनाइटच्या गोल कांड्या त्यांनीं वेंचून जमविल्या. नळीच्या आकाराचें हत्यार फिरवून दगड पोखरला म्हणजे मध्यें कांडी शिल्लक राहते, व ती मोडून काढिली कीं पात्र पोकळ होऊं लागतें, असें त्यांनीं ताडिलें. हत्यारास कठीण रत्नांचे दांत बसविलेले असावेत, असा त्यांचा तर्क होता. तांब्याची नळी व वाळू यांनींहि ग्रॅनाइट पोखरतां येतो, हें पुढें इतरांनीं प्रयोग करून दाखविलें. लोखंडाचें हत्यार हातीं नसतां त्या कारागिरांनीं अति कठीण पाषाणाचीं सुबक भांडीं घडविलीं. त्यांच्या धीराची कल्पनाच करावी!

१८९४-९५ सालीं नकादा येथें त्यांनीं दोन हजारांहून अधिक थडगीं उघडलीं. त्यांत कालनिर्णयास उपयोगी पडेल असा एकहि लेख नव्हता. हे लोक बाहेरून आलेल्या नव्या वंशाचे, असें पेट्री यांनीं ठरविलें. परंतु द मॉर्गन या फ्रेंच पंडितानें ते राजवंशांपूर्वींचे मिसरीच होत असें दाखविलें, तेव्हां पेट्री यांनीं तें मान्य केलें. मग त्यांनीं मडक्यांच्या कानांवरून क्रम लाविला. आरंभीं धरावयास उपयोगी असा नागमोडी कान, पुढें तो लहान, आणि शेवटीं नुसती रेघ! या युक्तीनें कोणतें थडगें आधींचें व कोणतें नंतरचें हें कळूं लागलें. अबायडॉस येथें पूर्वीं दुसऱ्यानें निष्काळजीपणें उकरलेलीं राजांचीं थडगीं त्यांनीं १८९९ पासून पुन्हां तपासलीं. तेथील पाषाणपात्रांच्या तुकड्यांवर कोरलेल्या नांवांनीं पहिल्या राजवंशाचा अनुक्रम लावण्यास मोठेंच साह्य झालें.

मजुरांनीं सांपडलेली वस्तु लपवूं नये म्हणून ते प्रत्येक वस्तूबद्दल त्यांस बक्षीस देत. १८९२ सालीं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत ते प्राध्यापक झाले. त्यांचा संग्रह कॉलेजानें १९१३ सालीं विकत घेतला. त्यांच्या नांवाच्या तेथील संग्रहालयांत आज सुमारें ८०,००० वस्तु आहेत. १९२३ सालीं त्यांस सर हा किताब मिळाला. ता. २८ जुलै १९४२ रोजीं यरुशलेम येथें त्यांचा अंत झाला.

मानववंशांतील उच्चनीचतेविषयींचीं त्यांचीं मतें आम्हांस मान्य नाहींत; विद्वानाचाहि प्रत्येक शब्द प्रमाण नसतो. परंतु क्षुद्र वस्तूकडे लक्ष पुरविणें, स्वतः मोजल्यावांचून विश्वास न ठेवणें आणि पुरावा समोर येतांच आपलें मत सोडणें, हे गुण आमच्या विद्यार्थ्यांनीं त्यांच्यापासून अवश्य घ्यावे.