बुऱ्हाणपूरची गायिका हिराबाई : शहजाद्याचं वेड लिहिलं गेलं, तिचं गाणं राहूनच गेलं

बुऱ्हाणपूर : तापीच्या पलीकडे जैनाबादला आहुखाना आहे, म्हणजे मोगलांची हरणांची बाग. १६३१ मध्ये मुमताज महल बुऱ्हाणपुरात वारली, तेव्हा तिला आधी याच बागेत दफन केलं होतं. तिच्या मुलाची, औरंगजेबाची एक गोष्टही इथलीच.

१६५३ मध्ये तो दख्खनचा सुभेदार म्हणून बुऱ्हाणपुरात होता. एक दिवस मावशीच्या घरच्या बायका बागेत आल्या. त्यांत हिराबाई होती. गाण्यात पटाईत, पण त्या घरची दासी. तिनं उडी मारून फांदीवरचा आंबा तोडला आणि शहजादा तिथंच भान हरपला, असं फारसी ग्रंथ सांगतात.

पुढं ती त्याच्या जनानखान्यात आली, जैनाबादी महल झाली. तिनं एकदा त्याच्यापुढं दारूचा पेला धरला. तो प्यायला तयार होताच तो काढून घेतला. तिला फक्त त्याचं प्रेम पारखायचं होतं म्हणे! बादशहा झाल्यावर याच औरंगजेबानं दरबारातलं गाणं बंद केलं.

हिराबाई मात्र भर तारुण्यात गेली. तिला औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, तळ्याकाठी दफन केलं.

मुमताजसाठी आग्र्याला ताजमहाल उभा राहिला. या घरातून त्या घरात दिल्या गेलेल्या हिराबाईच्या गळ्याचं नुसतं कौतुक झालं. ती गायची काय, हे कुणी टिपूनच ठेवलं नाही.