लुई पाश्चर यांना ४५ व्या वर्षी लकवा मारला, रेबीजची लस त्यानंतर आली

१९ ऑक्टोबर १८६८. पॅरिसमध्ये सकाळी लुई पाश्चर यांच्या डाव्या अंगाला मुंग्या आल्या. तरी ते दुपारी विज्ञान अकादमीच्या बैठकीत रेशीमकिड्यांवरचा निबंध वाचून आले. रात्री बोलणं अडखळलं आणि हळूहळू डावा हात, डावा पाय निकामी झाला. वय अवघं ४५.

आज अशी लक्षणं दिसली की घड्याळ बघायचं आणि हॉस्पिटल गाठायचं. स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला नाही, तर रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. पाश्चर यांच्या डॉक्टरांनी कानामागे जळवा लावल्या. तेव्हा तोच उपाय होता.

डावं अंग उजवा मेंदू चालवतो आणि भाषा बहुतेकांच्या डाव्या मेंदूत असते. पाश्चर यांचं बोलणं परत आलं, बुद्धीही शाबूत होती. आठवडाभरात त्यांनी अंथरुणातूनच रेशीमकिड्यांच्या रोगावरचं टिपण सहकाऱ्याला सांगून लिहून घेतलं. दरम्यान त्यांच्या नव्या प्रयोगशाळेचं बांधकाम सरकारी बाबूंनी थांबवलं. माणूस वाचतोय कुठे, असा हिशोब! सम्राट तिसऱ्या नेपोलियनपर्यंत गोष्ट गेली, तेव्हा काम पुन्हा सुरू झालं.

जानेवारी १८६९ मध्ये, जेमतेम चालता येत असताना, ते दक्षिण फ्रान्सला रेशीमकिड्यांकडे परतले. तिथे एकदा पडलेही.

स्ट्रोकमध्ये मेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण तीच हालचाल पुन्हा पुन्हा केली, की मेंदूचे शाबूत भाग ते काम थोडंफार शिकतात. पहिल्या काही महिन्यांत हा वेग सर्वाधिक असतो, म्हणून फिजिओथेरपी लवकर सुरू करतात. पाश्चर यांना आजच्यासारखी थेरपी मिळाली नाही. पाय लंगडाच राहिला, डावा हात आखडलेला. मग नाजूक हातकाम एमिल रू, शार्ल शांबरलां अशा सहकाऱ्यांनी करायचं आणि प्रयोग काय करायचा हे पाश्चर यांनी ठरवायचं, अशी घडी बसली.

मेंढ्यांवरचा अँथ्रॅक्स लसीचा जाहीर प्रयोग १८८१ चा. ६ जुलै १८८५ ला नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला रेबीजची लस मिळाली. सुई डॉ. ग्रांशे यांनी टोचली, पण त्याचं कारण लकवा नव्हे. पाश्चर रसायनशास्त्रज्ञ होते, डॉक्टर नव्हते.

१८८७ मध्ये पुन्हा झटका आला आणि यावेळी बोलण्यावर परिणाम झाला. १४ नोव्हेंबर १८८८ ला पाश्चर इन्स्टिट्यूटचं उद्घाटन झालं. भाषण त्यांचंच होतं, वाचून दाखवलं मुलाने.