कवटीच्या दोन बाजू आणि इरावतीबाई कर्वे

आरशात नीट पाहिले तर एक भुवई दुसरीपेक्षा किंचित वर दिसते. कवटीचेही तसेच आहे. बावीस हाडांची ही पेटी कोणाचीच दोन्ही बाजूंना अगदी सारखी नसते. या साध्या गोष्टीवरून सुमारे शंभर वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये एका मराठी विद्यार्थिनीने आपल्या प्राध्यापकाचे मत खोडून काढले.

इरावतीबाईंचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशातला. नाव तिथल्या नदीवरून ठेवलेले. सातव्या वर्षी त्या पुण्याला हुजूरपागेत शिकायला आल्या आणि रँग्लर परांजप्यांच्या घरी वाढल्या. फर्ग्युसनमधून पदवी घेऊन त्यांनी मुंबईत घुर्ये यांच्याकडे एम.ए. केले. विवाह झाला महर्षी कर्व्यांचे चिरंजीव दिनकररावांशी. १९२८ मध्ये जर्मनीला जायचे ठरले तेव्हा खुद्द महर्षींचा विरोध होता, हे आज खरे वाटत नाही. जीवराज मेहतांकडून कर्जाऊ पैसे घेऊन त्या गेल्या.

बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगन फिशर. गोऱ्या युरोपीय माणसांचा मेंदू एका बाजूला जास्त वाढतो, म्हणून त्यांची कवटी असमान असते आणि त्यातच त्यांची श्रेष्ठ बुद्धी दिसते, असा त्यांचा तर्क. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. असमानता सगळीकडे होती, पण तिचा वंशाशी काही संबंध लागेना. १९३० च्या सुमारास त्यांनी प्रबंधात तसे लिहिले. पुढे नाझी राजवटीत हेच वंशशास्त्र कोणत्या थराला गेले ते सर्वज्ञात आहे.

असमानता येते कशी? कवटी म्हणजे साच्यात ओतलेली वस्तू नव्हे. बाळाच्या कवटीची हाडे सुटी असतात आणि त्यांच्यामधल्या शिवणींपाशी ऑस्टिओब्लास्ट या बांधणाऱ्या पेशी नवे हाड घालत राहतात. मेंदू आतून वाढतो, तसतशा शिवणी रुंदावतात. आपण तेल घालतो ती टाळू साधारण दीड वर्षाला भरते. बाळ सतत एकाच कुशीवर झोपले तर डोके त्या बाजूला चपटे होते. मोठेपणी एकाच बाजूने चावणाऱ्याच्या जबड्याच्या हाडावर त्याचा परिणाम होऊ शकतो. ऑस्टिओक्लास्ट पेशी जुने हाड विरघळवतात, ऑस्टिओब्लास्ट नवे बांधतात आणि ही डागडुजी जन्मभर चालते. ताण पडेल तिथे हाड भरते, पडत नाही तिथे झिजते. हा नियम युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडला, तोही बर्लिनमध्येच. म्हणजे कवटीच्या वाकडेपणात त्या एका माणसाची वाढ दिसते, त्याच्या जमातीची पायरी नव्हे.

परत आल्यावर इरावतीबाईंनी काही वर्षे महिला विद्यापीठात रजिस्ट्रार म्हणून काम केले आणि १९३९ मध्ये त्या डेक्कन कॉलेजात आल्या. पुण्यात त्या ओळखल्या गेल्या स्कूटर चालवणाऱ्या बाई म्हणून आणि नंतर ‘युगान्त’मुळे, हाडांचे काम मात्र मागे पडले. सांकलियांबरोबर त्यांनी गुजरातेत लांघणज येथे अश्मयुगीन सांगाडे उकरले. महाराष्ट्रभर हिंडून जातीजातींतल्या माणसांची डोकी, नाके, उंची मोजली. या मोजमापांवर आज कोणी फारसा भरवसा ठेवणार नाही, ते काम आता डीएनए करतो. पण त्यातूनही त्यांनी काढलेला निष्कर्ष महत्त्वाचा होता: एकाच नावाने ओळखले जाणारे कुंभार सगळीकडे एकाच मुळाचे असतील असे नाही.

११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले. वडगाव रासाई ज्या शिरूर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजचे उत्खनन १९६८ मध्ये सुरू झाले होते. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची ती शेतकरी वस्ती. घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत पुरलेली लहान मुले तिथे मोठ्या संख्येने सापडली. मोठ्यांना आडवे पुरत, पण घोट्याखालचे पाय तोडून. तज्ज्ञांनी ही हाडे तपासली ती वंश ठरवण्यापुरती नव्हे. दातांवरून मुलाचे वय काढायचे, मांडीच्या हाडाची लांबी त्या वयाला शोभते का पाहायचे, आणि दुधाच्या सुळ्यावरचे खळगे शोधायचे. असा खळगा म्हणजे अगदी तान्ह्या वयातच पोटाची आबाळ झाल्याची खूण असू शकते.