चाकोरीचा शोध : कॉनराड वॉडिंग्टन

काजूची बोंडे किंवा अतिपक्व केळी दोन दिवस घरात राहिली, की तांबड्या डोळ्यांची बारीक चिलटे त्यांच्याभोवती घिरट्या घालू लागतात. शास्त्रज्ञ त्यांना फळमाशी म्हणतात. या क्षुद्र जीवाने विसाव्या शतकातील कित्येक थोर पंडितांना आयुष्यभर आपल्या नादी लावले. त्यांपैकीच एकाचे चरित्र आम्ही यंदा वाचकांपुढे ठेवीत आहोत.

कॉनराड हॅल वॉडिंग्टन यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९०५ रोजी इंग्लंडमधील ईव्हशॅम गावी झाला. त्यांचे अगदी पहिले बालपण मात्र आपल्या देशात गेले. वडील वायनाडकडे चहाच्या मळ्यावर होते. १९१० साली, अवघ्या चार वर्षांच्या या मुलाला शिक्षणासाठी इंग्लंडात आजीकडे व आप्तांकडे धाडण्यात आले. आईवडील पुढे १९२८ पर्यंत हिंदुस्थानातच राहिले. शाळेसाठी आजोळी राहणारी मुले आमच्या वाचकांत पुष्कळ असतील. परंतु मध्ये सातासमुद्रांचे अंतर असलेले हे आजोळ किती कठीण गेले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. गावात औषधांचे दुकान चालविणारे एक दूरचे वृद्ध नातलग होते. रसायनांपासून दगडधोंड्यांपर्यंत सृष्टीची ओळख या मुलाला प्रथम त्यांनी करून दिली.

केंब्रिज येथे वॉडिंग्टन यांनी भूगर्भशास्त्र घेतले आणि १९२६ साली ते पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. प्राचीन शंखांचे जीवाश्म हा त्यांचा आवडीचा विषय. तेथे त्यांचा स्नेह जमला ग्रेगरी बेटसन यांच्याशी. ग्रेगरींचे वडील विल्यम बेटसन हे आनुवंशशास्त्राचे आद्य प्रवर्तक. शरीरात एका अवयवाच्या जागी भलताच अवयव उगवतो, या चमत्काराला त्यांनी १८९४ मध्येच नाव दिले होते. त्या घराण्याच्या सहवासाने वॉडिंग्टन यांचे मन निर्जीव शंखांवरून सजीव सृष्टीकडे वळले.

अंड्यातील एका पेशीपासून डोळा, पंख, पाय कसे घडतात, हा त्या काळचा मोठा प्रश्न होता. जर्मनीतील श्पेमान यांनी दाखविले होते, की गर्भाचा एक विशिष्ट तुकडा शेजारच्या भागाला मज्जासंस्था बनण्याचा जणू आदेश देतो. तो आदेश कोणत्या द्रव्यात आहे, हे शोधण्याची चढाओढ लागली. वॉडिंग्टन आणि त्यांचे स्नेही जोसेफ नीडहॅम हेही त्या शोधात होते. १९३६ मध्ये त्यांना आढळले, की मेथिलीन ब्ल्यू या साध्या रंगानेही तेच कार्य होते! दुसरा कोणी निराश होऊन विषय सोडून देता. वॉडिंग्टन यांनी मात्र निराळा बोध घेतला. आदेश कोणाचाही असो, ऐकणारी पेशी आधीच सिद्ध असली पाहिजे. मग ही सिद्धता कोठून येते? आमच्या मते त्यांच्या पुढील सर्व कार्याचे बीज या एका प्रश्नात आहे.

उत्तर शोधण्यासाठी ते फळमाशीकडे वळले आणि १९३८-३९ मध्ये अमेरिकेत पॅसाडेना येथे जाऊन माशीच्या पंखांचा त्यांनी अभ्यास केला. १९४० मध्ये निघालेल्या त्यांच्या ग्रंथात जॉन पायपर या चित्रकाराने काढलेले नदीखोऱ्याचे चित्र आहे. पुढे १९५७ च्या ग्रंथात त्यांनी हीच कल्पना अधिक स्पष्ट केली. उतारावर एक गोटी घरंगळत आहे, खाली दऱ्यांना फाटे फुटत आहेत. गोटी म्हणजे पेशी. एका दरीत उतरली की ती यकृत होते, दुसरीत उतरली की कातडी. दुसरे चित्र त्याच जमिनीच्या खालच्या बाजूचे : खुंट्या म्हणजे जनुके, आणि त्यांना बांधलेल्या दोऱ्या वरच्या पृष्ठाला ताण देत आहेत. म्हणजे एकेक जनुक एकेक अवयव घडवीत नाही. सर्व मिळून वाट घडवितात. बैलगाडीचे चाक चाकोरीत पडले की थोड्याशा धक्क्याने ते बाहेर निघत नाही, तसेच पेशीचे आहे. या अभ्यासाला १९४२ मध्ये त्यांनी एपिजेनेटिक्स असे नाव दिले.

महायुद्धात ते ब्रिटिश विमानदलाच्या किनारा-रक्षक विभागात संशोधन करीत होते. १९४७ पासून ते एडिंबरो विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि तेथेच त्यांचे प्रसिद्ध प्रयोग झाले.

पहिला प्रयोग १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. कोशातील माश्यांना त्यांनी चार तास ४० अंश उष्णता दिली. काही माश्यांच्या पंखांवरील एक आडवी शीर त्यामुळे नाहीशी झाली. अशाच माश्या निवडून त्यांची पैदास केली व दर पिढीला पुन्हा उष्णता दिली. चौदाव्या पिढीच्या सुमारास, उष्णता मुळीच न दिलेल्या भावंडांतही शीर नसलेल्या माश्या निघू लागल्या.

दुसरा प्रयोग, १९५६ चा, त्याहून विलक्षण. माशीला पंख दोनच असतात; त्यांच्यामागे, छातीच्या तिसऱ्या खंडावर, तोल सावरणारे गदेसारखे दोन लहान अवयव असतात. सुमारे तीन तासांच्या अंड्यांना ईथरची वाफ दिली असता काही माश्यांत हा तिसरा खंड दुसऱ्यासारखा घडला व गदेच्या जागी पंखासारखा अवयव आला. सुमारे वीस पिढ्यांच्या निवडीनंतर ईथरवाचूनही तशा माश्या जन्मू लागल्या.

ऐकणाऱ्यास वाटावे, की कमावलेला गुण संततीत उतरला. त्या काळी असे वाटणे निरुपद्रवी नव्हते. रशियात लायसेंको यांनी याच मताच्या जोरावर १९४८ मध्ये आनुवंशशास्त्राचे अध्यापनच बंद पाडले होते. वॉडिंग्टन यांच्याकडे अनेक सहकारी संशयाने पाहत. परंतु त्यांच्या प्रयोगातच उत्तर होते. उष्णतेचा परिणाम न झालेल्या माश्याही त्यांनी वेगळ्या वाढविल्या होत्या, आणि त्या शाखेत परिणाम पिढीगणिक घटत गेला. उष्णता दोन्हीकडे सारखीच, फरक निवडीचा. पुढे त्यांच्याच प्रयोगशाळेत दिसले, की अतिसमान, निर्भेळ कुळातील माश्यांत हा चमत्कार होत नाही. धक्क्याने नवे काही निर्माण झाले नव्हते. कळपात दडलेले जनुकभेद उघडे पडले आणि निवडीने ते एकत्र आले. आईबापांचा अनुभव थेट मुलांत उतरतो, असे सांगण्यासाठी एपिजेनेटिक्स हा शब्द आज सर्रास वापरला जातो. हा वॉडिंग्टन यांच्यावर अन्याय आहे, असे आम्हांस वाटते.

चाकोरी टिकते कशी, हे मात्र त्यांना सांगता आले नाही. त्याचा एक धागा १९४७ मध्येच अमेरिकेत पामेला लुइस यांच्या हाती लागला होता : एका विकृतीमुळे नर माशीच्या पुढच्या पायांवरची फणी इतर पायांवरही उगवत होती. तिचे नाव पॉलिकोम. कोणत्या खंडात कोणते जनुक जागे राहावे, हे गर्भाच्या आरंभीच्या काही तासांत ठरते. ठरविणारी द्रव्ये लवकरच विरून जातात, पण पॉलिकोम गटाची प्रथिने निजलेल्या जनुकाला पेशी कितीदाही विभागली तरी निजलेलेच ठेवतात. जनुकाचा धागा ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांवर ती एक रासायनिक खूण करतात, हे २००२ मध्ये उलगडले.

वॉडिंग्टन हे एकमार्गी विद्वान नव्हते. त्यांना लोकनृत्याचा छंद होता, चित्रकारांशी मैत्री होती, आणि आधुनिक चित्रकला व विज्ञान यांच्या संबंधावर त्यांनी १९६९ मध्ये एक ग्रंथच लिहिला. २६ सप्टेंबर १९७५ रोजी एडिंबरो येथे त्यांचे निधन झाले. एकवीस वर्षांनी, १९९६ मध्ये, गिब्सन व हॉग्नेस या संशोधकांनी ईथरचा तोच प्रयोग पुन्हा केला आणि दडलेल्या भेदांपैकी काहींचा ठिकाणा शोधून काढला. ते सापडले अल्ट्राबायथोरॅक्स या जनुकात, म्हणजे माशीच्या तिसऱ्या खंडावर पंख येऊ न देणाऱ्या जनुकातच.