कर्नल सी. के. नायडू : कर्तृत्वाचा मान

भारताचे पहिले कसोटी कर्णधार कर्नल कोट्टारी कनकैया नायडू यांचे चरित्र वाचकांसमोर ठेवताना आम्हांस केवळ एका खेळाडूचे कौतुक करावयाचे नाही. जन्माने लाभणारा मान आणि कर्तृत्वाने मिळवलेला मान यांतील अंतर त्यांच्या आयुष्यात स्पष्ट दिसते.

नायडूंचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपूर येथे एका तेलुगू कुटुंबात झाला. १९१६ मध्ये मुंबईच्या चौरंगी सामन्यांत ते हिंदू संघातून युरोपियनांविरुद्ध प्रथम उतरले आणि धावांचे खाते त्यांनी षटकारानेच उघडले. जातीच्या भिंती त्या काळी मैदानावरही उभ्या होत्या. थोर गोलंदाज बाळू पालवणकर यांना योग्यता असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले.

१ डिसेंबर १९२६ हा दिवस नायडूंना देशभर घेऊन गेला. आर्थर गिलिगन यांचा एम.सी.सी. संघ मुंबई जिमखान्यावर खेळत होता. ज्या जिमखान्याचे सभासदत्व भारतीयांस नव्हते, त्याच मैदानावर नायडूंनी दोन तासांच्या आत १५३ धावा केल्या. त्यांत ११ षटकार व १३ चौकार होते. अमेरिकेत बेब रूथ चेंडू प्रेक्षकांत भिरकावून बेसबॉलचे रूप पालटत होता, तोच हा काळ. मात्र येथील जनतेला त्या षटकारांत खेळापलीकडचेही काही दिसले : राज्यकर्त्यांची बरोबरी करता येते, हा विश्वास. पुढे १९२८ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले आणि कसोटीचे दार उघडले.

१९३२ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी कर्णधार म्हणून पोरबंदरचे महाराज नेमले गेले. कारण संघाचे नेतृत्व राजघराण्यानेच करावे, अशी समजूत होती. परंतु २५ जून रोजी लॉर्ड्सवर पहिली कसोटी सुरू झाली, तेव्हा नाणेफेकीस नायडू गेले. हाताला दुखापत झाली असूनही पहिल्या डावातील भारताच्या सर्वाधिक, ४० धावा त्यांच्याच होत्या. सामना भारताने गमावला, पण योग्यतेचा प्रश्न निकालात निघाला. त्या दौऱ्यात त्यांनी ३२ षटकार मारले आणि १९३३ मध्ये ‘विस्डेन’ने वर्षातील पाच श्रेष्ठ खेळाडूंत त्यांची गणना केली. तरीही १९३६ मध्ये कर्णधारपद पुन्हा एका राजकुमाराकडे, विजयनगरम् येथील महाराजकुमारांकडे गेले. नायडू मात्र खेळत राहिले. ओव्हलवर वेगवान चेंडूचा आघात सोसून त्यांनी ८१ धावा केल्या. तीच त्यांची अखेरची कसोटी.

इंदूरच्या होळकर संघास त्यांनी कठोर शिस्त लावली. मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर अशा खेळाडूंच्या या संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. १९५६ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यानंतर वयाच्या एकसष्टाव्या वर्षीही ते उत्तर प्रदेशाकडून रणजी सामने खेळले. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूर येथे त्यांचे निधन झाले.

अवघ्या सात कसोटी सामन्यांत ३५० धावा, एवढाच हिशेब नोंदवहीत आहे. नोंदवहीत न मावणारा वारसा मोठा आहे. पाचगणीच्या पठारावर पहाटेच्या धुक्यात धावणाऱ्या आमच्या मुलामुलींनी तो जाणावा : घराणे मैदानापर्यंत पोहोचवू शकते, मैदानावर टिकवतो तो सराव.